घडीचा चाकू : पाते व मूठ यांचे हाताने नूतनीकरण

गंजलेले किंवा चरे पडलेले पाते आणि कळा गेलेली मूठ घरच्या घरी, यंत्राशिवाय घासून पुन्हा नीट करण्याच्या कामाला घडीच्या चाकूचे नूतनीकरण म्हणता येईल. पॉलिश पेपर, सपाट ठोकळा, थोडे तेल आणि पुष्कळ सबुरी एवढ्यावर ते साधते. चाकू चकाचक करणे हे त्याचे उद्दिष्ट समजले जाते. परंतु घासून गेलेला धातू परत येत नाही, त्यामुळे कमीत कमी धातू काढून गंज थांबवणे आणि पात्याची मूळ घडण शाबूत राखणे यातच या कामाचा खरा कस लागतो.

आधी पोलाद ओळखावे लागते. साध्या कार्बन पोलादाचे पाते वापराने करडे-काळसर होते. हा थर म्हणजे तांबडा गंज नव्हे. तो धातूला घट्ट धरून राहतो व काही अंशी त्याचे रक्षणही करतो, म्हणून तो खरवडून टाकण्याची घाई करू नये. तांबडा गंज मात्र सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि पाते पोखरत जातो. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असल्याने ते सहसा गंजत नाही, तरी मिठाच्या पाण्याने त्यावरही खड्डे पडू शकतात. वरवरचा गंज तेल आणि बारीक स्टील वूलने निघतो. मुरलेल्या गंजावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके गुंडाळून ठेवतात. अख्खा चाकू बुडवल्यास आम्ल पाते व मूठ यांच्या सांध्यात शिरते. नंतर पाते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे.

घासताना पाते अचानक मिटून बोटे कापण्याचा धोका असतो. त्यासाठी ते फळीवर सपाट टेकवून क्लॅम्पने आवळावे व धारेवर जाड टेप लावावी. पॉलिश पेपरचा क्रमांक जितका मोठा तितका तो बारीक; चरे खोल असल्यास २२० क्रमांकाच्या कागदाने, नसल्यास ४०० ने आरंभ करून ६००, ८००, १००० असे चढत जावे. प्रत्येक कागदाबरोबर घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे तिरप्या उजेडात आधीच्या कागदाचे चरे आडवे चमकून उठतात. त्यातला शेवटचा चरा जाईपर्यंत पुढचा कागद हाती घेऊ नये. बहुतेकांचे काम इथेच बिघडते, कारण २२० चा राहून गेलेला एक चरा १००० च्या गुळगुळीत पृष्ठभागावर अधिकच उठून दिसतो. कागद नुसत्या बोटाने दाबल्यास पाते नखाने उघडण्यासाठी असलेल्या खाचेच्या कडा आणि पात्यावरील रेखीव कोन गोलावतात, म्हणून तो ठोकळ्याला गुंडाळूनच वापरावा. अखेरचे हात बुडापासून टोकाकडे, लांब आणि एकाच दिशेने फिरवावेत. मागे-पुढे घासल्यास हात वळतो त्या जागी आकड्यासारखे चरे उमटतात. बुडाशी ठोकलेली निर्मात्याची मुद्रा जपावी, कारण जुन्या चाकूची ओळख व संग्राहकांच्या लेखी त्याचे मोल पुष्कळदा तिच्यावरच ठरते.

ग्राइंडर टाळण्याचे कारण उष्णता हे आहे. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून झटकन थंड करून कठीण केल्यावर, ते साधारण २०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून चिवट केलेले असते. चाकावर पातळ धार क्षणात त्यापुढे तापते, निळी पडते आणि तिचे पाणी उतरते, म्हणजे ती मऊ होते.

मुठीत लाकूड किंवा हाड पितळी पिनांपेक्षा लवकर झिजते, त्यामुळे ठोकळ्याविना घासल्यास पिना वर उभ्या राहतात. लाकडाला जवसाच्या तेलाचे पातळ हात देतात. त्या तेलाची फडकी चुरगाळून टाकल्यास आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवावीत किंवा पसरून वाळवावीत. हाडाची व जी-१० ची (राळेत काचतंतू बसवून केलेल्या पदार्थाची) धूळ फुप्फुसांना घातक असल्याने अशी मूठ मुखपट्टी लावून आणि ओली करूनच घासावी. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठीला मात्र ज्योत, तापलेली हत्यारे किंवा जोरकस घर्षण लागू देऊ नये, कारण हा पदार्थ अतिशय ज्वलनशील असतो.

सर्व घासणे आटोपल्यावर सांध्यात अडकलेली भुकटी साबणाच्या पाण्याने धुऊन काढतात, कारण तिथे राहिलेला एकेक कण प्रत्येक उघडझापीत धातू झिजवतो. सांधा पूर्ण सुकवून त्यात तेलाचा थेंब सोडल्यानंतरच टेप काढून, दर बाजूला १५ ते २० अंशांच्या कोनात, दगडावर धार लावतात.