मांजरांच्या तोंडाच्या असामान्य हालचाली (दंतविकारांतील)

दात, हिरड्या किंवा तोंडाच्या आतले अस्तर दुखू लागले की मांजराच्या जबड्याच्या, जिभेच्या आणि ओठांच्या नेहमीच्या हालचाली बिघडतात. खालचा जबडा थरथरतो, तोंडात काही नसताना चघळणे चालू राहते, उचललेला घास पुन्हा खाली पडतो, दात करकरतात, जीभ बाहेर लोंबते, पंजा पुन्हापुन्हा तोंडाकडे जातो. पशुवैद्यकात यांची गणना लक्षणांत होते. मात्र मांजराच्या बाबतीत कित्येकदा एवढे एकच लक्षण हाती लागते, कारण दात कितीही ठणकला तरी मांजर सहसा अन्न सोडत नाही. ‘खातंय की व्यवस्थित, मग दात कुठले दुखतायत’ हा घरातला युक्तिवाद इथेच फसतो. मांजर किती खाते यापेक्षा कसे खाते हे पाहावे लागते.

निरोगी जबडा : मोठ्या मांजराला ३० दात असतात : पटाशीचे १२, सुळे ४, उपदाढा १० आणि दाढा ४. दुधाचे दात २६. ते साधारण साडेतीन महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे दात पुरे होतात. या काळात पिल्लू चपलेपासून मोबाइलच्या वायरपर्यंत सगळे चघळते, त्याची काळजी नको (वायरची तेवढी करावी). मांजराच्या जबड्याचा सांधा बिजागरीसारखा वर-खाली हलतो. रवंथ करणाऱ्या म्हशीचा जबडा जसा आडवा फिरतो तसा तो जवळजवळ फिरतच नाही. म्हणजे मांजर अन्न दळत नाही, कातरते. वरची शेवटची मोठी उपदाढ आणि खालची दाढ अडकित्त्याच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. मांसाचा मोठा तुकडा या पात्यांपर्यंत न्यायचा तर मान वाकडी करावीच लागते. म्हणून नुसती मान कलली की दात बिघडला असे होत नाही. महिनोन्‌महिने ती एकाच बाजूला कलत असेल आणि दुसऱ्या बाजूच्या दातांवर किटण चढत चालले असेल, तर शंका घ्यावी. न वापरलेली बाजू लवकर मळते.

निरोगी मांजरही कधीकधी तोंडाचे चमत्कारिक चाळे करते. खिडकीच्या ग्रिलवर कबूतर बसले की आतले मांजर त्याच्याकडे टक लावून जबडा कटकट वाजवते. त्यात ताणलेली उत्सुकता असते, दुखणे नसते. दुसऱ्या मांजराचा मूत्रगंध किंवा पाहुण्यांची चप्पल हुंगून ते वरचा ओठ उचलते, तोंड अर्धवट उघडे ठेवते आणि क्षणभर शून्यात बघते. पटाशीच्या दातांमागे टाळूत दोन बारीक छिद्रे असतात. त्यांतून वास जेकबसनच्या इंद्रियापर्यंत (टाळूच्या वर असलेले, गंध ओळखणारे खास अंग) पोचवण्याची ही रीत आहे. या दोन्ही हालचालींना समोर काहीतरी कारण दिसते आणि ते दूर झाले की त्या थांबतात. दातांमुळे होणाऱ्या हालचाली अन्न, पाणी, जांभई किंवा अंग चाटणे यांच्याशी बांधलेल्या असतात.

दात विरणे : जबडा थरथरण्याचे सर्वांत नेहमीचे दंतकारण म्हणजे टूथ रिझॉर्प्शन. यात दात किडत नाही. माणसासारखी दातांची कीड मांजरात जवळजवळ आढळतच नाही, त्यामुळे ‘दाताला कीड लागली’ हे बोलण्यापुरते ठीक. प्रत्यक्षात मांजराच्याच शरीरातल्या पेशी दात खातात. दुधाचे दात पडावेत म्हणून त्यांची मुळे विरघळवण्याचे काम ज्या जातीच्या पेशी करतात, त्याच पेशी इथे कायमच्या दातावर चालून येतात. त्या असे का करतात याचा नक्की उलगडा झालेला नाही. वय वाढते तसे प्रमाण वाढते. कोणत्या वयाची आणि कशी मांजरे तपासली यावर अवलंबून वेगवेगळ्या पाहण्यांतले आकडे २० पासून ७५ टक्क्यांपर्यंत जातात.

विरण्याची सुरुवात मुळाकडून किंवा हिरडीच्या रेषेजवळून होते. खळगा खोल होत दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेला की खरी कळ सुरू होते. खालच्या सुळ्यामागे थोडी मोकळी जागा असते, ती सोडून पहिला जो दात दिसतो त्याला हा रोग सर्वांत आधी गाठतो. (मूळ क्रमाने ती तिसरी उपदाढ. मांजराला खाली पहिली आणि दुसरी नसतेच.) ओठ बाजूला केला तर दाताच्या बुडाशी हिरडीचा एक लालभडक ठिपका दातावर चढलेला दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, हिरडी जरा सुजली आहे. खरे तर त्या मांसल ठिपक्याने दातातले भोक झाकलेले असते. पशुवैद्याने तिथे कापसाची काडी नुसती टेकवली तरी खालचा जबडा विजेचा झटका बसावा तसा तडतडतो. ही प्रतिक्रिया मांजराच्या इच्छेची नसते. भूल हलकी असेल तर झोपेतही जबडा असाच उडतो. मराठीत या थरथरीला नेमका शब्द नाही. दातखीळ म्हणजे जबडा मिटून घट्ट बसणे, ते इथे लागू पडत नाही. थंडीने दात वाजतात तसे काहीसे, हेच त्यातल्या त्यात जवळचे वर्णन.

जेवणाच्या वाटीपाशी हाच प्रकार असा दिसतो. डबा वाजला की मांजर धावत येते, म्हणजे भूक शाबूत आहे. कोरड्या खाऊचा एक दाणा उचलते, जिभेने एका गालाकडे सरकवते, चावते आणि डोके मागे झटकते. जबडा दोन-तीनदा उघडझाप करतो, दाणा लाळेसकट खाली पडतो. मग ओठ चाटणे, कोरड्या मिटक्या मारणे. काही मांजरे वाटीकडे पाहून फिस्कारतात, जणू वाटीच चावली. पळून जातात, आणि दोन मिनिटांत परत येतात. हुशार मांजर लवकरच चावणे सोडून देते आणि दाणे अख्खे गिळू लागते. अशा मांजराच्या उलटीत दाणे न मोडलेले सापडतात. ‘हल्ली नखरे वाढलेत, कोरडं नको, फक्त सूप हवं’ हेही पुष्कळदा याच दुखण्याचे रूप असते.

तोंडाच्या अस्तराचा दाह : काही मांजरांत हिरड्यांपासून घशाच्या कमानीपर्यंतचे अस्तर लाल, फुललेले आणि जरा धक्का लागताच रक्त येणारे होते. दातांवरच्या जिवाणूंच्या थराविरुद्ध शरीराची प्रतिकारशक्ती अतिरेकी पेटते असे समजले जाते. कॅलिसिव्हायरस या विषाणूशीही त्याचा संबंध जोडला जातो. इथे हालचालींचा नमुना बदलतो. दुखरी जागा जबड्याच्या कोपऱ्यात असल्याने तोंड मोठे उघडणेच नको होते. जांभई अर्ध्यावर थांबते किंवा जांभई देताना मांजर किंचाळते. जीभ बाहेर येते, पण अंगाला लागत नाही, चाटणे थांबते आणि केस चिकट, झुपकेदार होतात. हनुवटी व पुढचे पाय लाळेने ओले राहतात, कधी त्यात गुलाबी छटा असते. यावरचा उपाय ऐकून पाळणाऱ्यांचा जीव वर-खाली होतो : सुळ्यांमागचे सगळे, प्रसंगी तोंडातले सगळे, दात काढणे. बहुतेक मांजरांना त्याने मोठा आराम पडतो. सगळ्यांना पडत नाही, आणि अशांना नंतरही औषधे लागतात. बिनदाताचे मांजर मऊ अन्न मजेत खाते, कित्येक तर कोरडे दाणेही.

चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे : बर्मीज जातीच्या मांजरांत एक वेगळाच विकार आढळतो. अतिशय जोरात चाटणे आणि चघळणे, तोंडावर पंजे मारत सुटणे, टोकाला गेल्यास स्वतःची जीभ फाडणे. झटका बहुधा एका बाजूला असतो आणि दोन झटक्यांच्या मध्ये मांजर अगदी ठणठणीत दिसते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातल्या ११३ मांजरांपैकी १०० बर्मीज होती, यावरून आनुवंशिकतेचा संशय बळावतो. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचा हा दोष मानतात. दात येण्याचा काळ, हिरडीचा आजार किंवा घरातला ताण त्याला चेतवतो. घरात आणखी मांजरे असली आणि त्यांचे पटत नसले तरी झटके वाढू शकतात. साध्या वेदनाशामकांना तो पुरेसा दाद देत नाही, म्हणून फेफऱ्यावरची औषधे वापरतात. दात दुरुस्त करणे मात्र इथेही टळत नाही.

अडथळे आणि मोडतोड : माशाचा काटा किंवा हाडाची कपची वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये टाळूला आडवी अडकली, तर मांजर एकाएकी, मिनिटाभरापूर्वी काही नसताना, वेड्यासारखे पंजे मारू लागते. सुरुवातीचा हा अचानकपणा महत्त्वाचा, कारण दंतरोग असा एका क्षणात उगवत नाही. जिभेच्या मुळाशी दोरा गुंडाळला जाऊन त्याचे दुसरे टोक आतड्यात गेलेले असू शकते. तो कधीही ओढू नये, आतडे चिरते. उंचावरून पडलेल्या मांजराची हनुवटी आपटून खालच्या जबड्याचे दोन भाग मधोमध सुटे होतात. मग दोन्ही खालचे सुळे वरखाली दिसतात आणि तोंड नीट मिटत नाही. म्हाताऱ्या मांजरांचे सुळे हिरडीतून हळूहळू बाहेर सरकतात, लांब दिसू लागतात आणि ओठात अडकतात. ते सोडवण्यासाठी मांजर ओठ वेडावाकडा करत राहते.

दातांखेरीज कारणे : कोरड्या मिटक्या आणि दात करकरणे मूत्रपिंडाच्या आजारातही होते, मळमळीमुळे आणि तोंडात पडलेल्या व्रणांमुळे. चेहऱ्याचा एक भाग उडत असेल, लाळ गळत असेल आणि हाक मारून लक्ष जात नसेल, तर ते आंशिक फेफरे असू शकते. उतारवयात जिभेखाली गाठ आली तर तीही घास पाडायला लावते. मांजराच्या तोंडातल्या कर्करोगांत सपाट पेशींचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. कडू गोळी जिभेला लागली की मांजर फेस काढते, तो दहा मिनिटांत ओसरतो.

भारतात आणखी एक शक्यता पहिल्यांदा मनात आणावी लागते. रेबीजमध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडतात, जबडा लोंबतो आणि लाळ गळते. ‘घशात काटा अडकलाय वाटतं’ म्हणून अनोळखी, लस न टोचलेल्या मांजराच्या तोंडात बोट घालणे जिवावर बेतू शकते. चावले किंवा ओरखडले तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

तपासणी : दवाखान्याच्या टेबलावर मांजर थिजते आणि घरी दिसणारी हालचाल तिथे हमखास गायब होते. खाताना फोनवर घेतलेले अर्ध्या मिनिटाचे चित्रण म्हणूनच फार कामाचे. चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक पद्धत माँट्रियल विद्यापीठात तयार झाली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी यांना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. १० पैकी ४ किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यावे असा संकेत आहे. दातांचा खरा हिशेब भूल देऊन घेतलेल्या क्ष-किरण चित्रातच लागतो, कारण रोग बराचसा हिरडीखाली असतो. भूल न देता नुसते किटण खरवडून दात चमकवण्याला त्यामुळे फारसा अर्थ नाही. भुलेत तोंड उघडे ठेवायला स्प्रिंगचा चिमटा लावून जबडा फार ताणला, तर मांजराच्या डोळ्याच्या पडद्याला आणि मेंदूला रक्त नेणारी धमनी दाबली जाऊन अंधत्व आल्याची उदाहरणे आहेत. ही रक्तवाहिन्यांची रचना मांजराची खास, कुत्र्याची अशी नसते.

उपचार : विरलेला दात भरून वाचत नाही; भरण गळून पडते आणि विरणे चालूच राहते. मूळ शाबूत असेल तर दात मुळासकट काढतात. मूळ हाडात मिसळून गेले असेल तर फक्त वरचा भाग कापून त्यावर हिरडी शिवतात. यांतले काय करायचे ते क्ष-किरण चित्र सांगते. घरगुती उपायांत दोन फार घातक. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, कारण ते औषध निकामी करणारी यकृताची यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. आणि आपल्याकडे दातदुखी म्हटली की हात जातो ते लवंगेचे तेल, त्यातले युजेनॉल मांजराला विषारी आहे.

दात काढल्यावर काही दिवस जबडा थोडा थरथरला तर ते जखम भरेपर्यंतचे असते. महिन्यानंतरही तसेच राहिले, तर मुळाचा तुकडा आत राहिला आहे का ते पुन्हा चित्र काढून पाहतात. वरचा सुळा काढलेल्या मांजरात कधी एक नवीच हालचाल सुरू होते : आधार गेल्याने वरचा ओठ आत वळतो, खालच्या सुळ्याचे टोक त्यात रुतते आणि मांजर त्या बाजूचा ओठ सारखा चाटत, झटकत राहते. तेव्हा खालच्या सुळ्याचे टोक बोथट करावे लागते, नाहीतर तोही काढावा लागतो.