मालिशचं काम रीतसर करायचंय? इंदूरमधून प्रशिक्षण, अर्ज आणि कागदपत्रं

‘मालिशचं लायसन्स कुठून काढायचं?’ असं रामबागेतल्या एका मैत्रिणीने मला विचारलं, तेव्हा एका खासगी संस्थेत तिचे पैसे भरून झाले होते. हातात ‘आंतरराष्ट्रीय परवानाधारक थेरपिस्ट’ असं छापलेला कागद होता. हॉटेलच्या स्पामध्ये नोकरी मागायला गेली, तर तो कागद कुणी उलटूनही पाहिला नाही. तिच्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आपल्या देशात मालिश करणाऱ्यांसाठी डॉक्टर-नर्ससारखी वेगळी नोंदणी नाही आणि परवानाही नाही. ‘लायसन्स्ड मसाज थेरपिस्ट’ हा शब्द अमेरिकेतला. तिथे बहुतेक राज्यं स्वतःचा परवाना देतात. त्यासाठी न्यूयॉर्कमध्ये 1000 तासांचं, टेक्सासमध्ये 500 तासांचं शिक्षण लागतं आणि वर परीक्षा. तो परवाना इंदूरमध्ये बसून कुणी देऊ शकत नाही, आणि इथलं प्रमाणपत्र तिथे परवाना म्हणून चालत नाही.

आपल्याकडे मिळतं ते कौशल्याचं प्रमाणपत्र. त्याला दोन वाटा आहेत. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिल (त्या-त्या क्षेत्राच्या कौशल्याचं प्रमाणपत्र देणारी संस्था) हिचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट हे अभ्यासक्रम ही एक, आणि हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा पंचकर्म टेक्निशियन ही दुसरी. हॉटेल, स्पा, सलून इथे नोकरी हवी असेल तर पहिली वाट सोपी. ज्यांचा हात अभ्यंगावर बसलेला आहे, वर्षानुवर्षं ज्यांनी बाळ-बाळंतिणींना तेल लावलं आहे, त्यांना माझ्या मते दुसरी जवळची वाटेल. मात्र पंचकर्माचं काम वैद्यांच्या देखरेखीखाली करायचं असतं, हे मनाशी धरून चाला. लोकमान्यनगरच्या शासकीय अष्टांग आयुर्वेद महाविद्यालयात एकदा जाऊन या कामाबद्दल विचारून या. पैसे भरण्याआधी एवढी खेप करायलाच हवी.

कोणत्याही संस्थेत नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रमाणपत्र कोणती कौन्सिल देणार? अभ्यासक्रमाच्या क्वालिफिकेशन पॅकचा, म्हणजे त्यात काय शिकवायचं आणि अट काय हे सांगणाऱ्या अधिकृत कागदाचा, कोड काय? परीक्षा घ्यायला बाहेरचा परीक्षक येणार का? ही उत्तरं तोंडी नकोत, लिहून घ्या. टाळाटाळ झाली तर तिथून उठा. शिक्षणाची अट प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी असते आणि ती त्याच पॅकमध्ये लिहिलेली असते, त्यामुळे कोड मिळाला की तीही कळते.

प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत बॅच मिळाली तर फी लागत नाही. योजनेच्या 4.0 टप्प्यात अल्पकालीन प्रशिक्षणासाठी वय 15 ते 45 लागतं. काम आधीपासून येत असेल तर ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ म्हणजे आरपीएलचा मार्ग आहे. त्याची वयोमर्यादा 18 ते 59. यात पूर्ण कोर्स करायचा नसतो. थोडी उजळणी, मग परीक्षा आणि प्रमाणपत्र. सव्वा महिना रोज सकाळी येऊन न्हाऊ-माखू घालणाऱ्या आपल्या बायकांसाठी हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो. वीस वर्षांच्या कामाचा एकही कागद त्यांच्याकडे नसतो.

अर्ज स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा, आधारने ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करायची, मग आपल्या जिल्ह्यातली केंद्रं आणि बॅच शोधायच्या. स्वतःला जमत नसेल तर एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर करून घ्या, पण मोबाइल नंबर आपलाच द्या. कियोस्कवाल्याचा नंबर गेला तर पुढचे सगळे निरोप त्याच्याकडे जातात.

कागदपत्रं तशी थोडीच: आधार, शिक्षणाची गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँक खातं, फोटो, आणि राज्याच्या योजनेतून जात असाल तर समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक. कुटुंबाचा समग्र क्रमांक आठ आकडी असतो, सदस्याचा नऊ आकडी. अर्जात बहुधा सदस्याचा लागतो आणि लोक घाईत कुटुंबाचा भरतात.

खरी अडचण नावाची, आणि ती आपल्या मराठी घरांतच जास्त. आपण मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावतो. मध्य प्रदेशातल्या कागदांत मधलं नाव असेलच असं नाही. मग दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याच्या नावासकट सासरचं आडनाव आणि समग्रमध्ये नुसतं नाव-आडनाव, अशी एकाच बाईची तीन नावं होतात. ई-केवायसी अडतं ते इथेच. आधी आधार बघा. गरज असेल तर विवाह प्रमाणपत्र घेऊन आधार सेवा केंद्रात दुरुस्ती करा. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, म्हणून मधलं नाव ठेवायचं की काढायचं हे घरी ठरवूनच जा. समग्रची दुरुस्ती त्यानंतर, नगर निगमच्या झोन कार्यालयातून. हा क्रम उलटा केलात तर दुसऱ्यांदा खेपा घालाव्या लागतील.

वर्गातली एक गोष्ट मात्र मनापासून शिका: मालिश कधी करायची नाही. ताप, ताजं हाड मोडणं, त्वचेचा संसर्ग हे सगळ्यांना माहीत असतं. पण बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, हे किती जणींना ठाऊक आहे? एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तिला हात लावायचा नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. बाळाच्या नाकाकानांत तेल घालायचं नाही. आजी आग्रह करतील, तरी नाही.

प्रमाणपत्रावर आपलं नाव, कोड, स्तर आणि क्यूआर कोड तपासून घ्या आणि डिजिलॉकरमध्ये ते आलं का तेही बघा. नोकरीच्या ठिकाणी पोलिसांचं चरित्र प्रमाणपत्र मागू शकतात.

स्वतःचं केंद्र काढायचं तर जागेचे कागद, गुमाश्ता (म्हणजे दुकान-आस्थापनेची) नोंदणी आणि नगर निगमचा व्यापार परवाना. इथे ‘परवाना’ हा शब्द खरा आहे, पण तो धंद्याचा असतो, हाताच्या कौशल्याचा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती मोफत आहे. तिचे पैसे मागणाऱ्या वेबसाइटी भरपूर आहेत, त्यांच्यापासून दूर राहा.

पाटी लिहिताना जपून लिहा. फिजिओथेरपिस्ट हा वेगळा, पदवी घेऊन होणारा व्यवसाय आहे आणि 2021च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याखाली त्याची नोंदणी होते; प्रमाणपत्राच्या जोरावर तो शब्द लावता येत नाही. ‘लकवा बरा करतो’, ‘मधुमेह जातो’ असंही लिहू नका. 1954च्या चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्यात हे दोन्ही आजार यादीत आहेत. रामबागेतल्या त्या मैत्रिणीने आता नव्या पाटीवर ‘अभ्यंग आणि बाळ-बाळंतीण मालिश’ एवढंच लिहिलं आहे, आणि खाली कौशल्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक.