जनुक संपादन, मानवी : नैतिक जोखीम (सिकलसेलच्या संदर्भात)

मानवी पेशीतील डीएनए नेमक्या जागी कापून बदलण्यातून उद्भवणारे प्रश्न. विदर्भात ते मुख्यतः सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे येतात; त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर व मेळघाटात या आजाराचे वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेले) आणि रुग्ण आढळतात.

हिमोग्लोबिनमधील बीटा-ग्लोबिन या प्रथिन-साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ दोष. तो एकदाच उद्भवला की अनेकदा, यावर मतभेद आहेत. जनुकाभोवतीच्या खुणांवरून सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून आणि अरब-भारतीय असे पाच प्रकार मानतात. जुन्या मतानुसार ते स्वतंत्रपणे उद्भवले. २०१८ मधील जीनोम-विश्लेषणाने (जीनोम म्हणजे संपूर्ण डीएनए) सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीचा एकच उगम सुचवला. कालगणना ढोबळ असली तरी हे मत अधिक ग्राह्य वाटते. अरब-भारतीय प्रकारात गर्भ-हिमोग्लोबिन (गर्भावस्थेतील, पेशी विळ्यासारख्या होऊ न देणारे) जन्मानंतरही जास्त टिकते, म्हणून आजार सौम्य, असे समजले जाई. नागपूरकडील रुग्णांत मात्र तो पुष्कळदा तीव्र आढळला. जोखीम कोणी पत्करावी, हे या तीव्रतेवरच ठरते.

२०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने मान्यता दिलेल्या कॅसजेव्ही उपचारात रुग्णाच्या मूळपेशी रक्तातून वेगळ्या काढतात, क्रिस्पर-कॅस९ या डीएनए कापणाऱ्या साधनाने, गर्भ-हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचा नियंत्रक भाग निकामी करतात, बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी शिरेतून परत देतात. बुसल्फानने वंध्यत्व येऊ शकते. बीजांडे वा वीर्य आधीच गोठवावे लागते. उपवर मुलीच्या संमतिपत्रात हे बारीक अक्षरात गेले, तर त्या सहीला अर्थ नाही.

दुसरी जोखीम भलत्या जागी पडणाऱ्या छेदाची. आफ्रिकी वंशात आढळणाऱ्या एका जनुकीय भेदामुळे सीपीएस१ जनुकात असा छेद पडू शकतो, हे अभ्यासात दिसले. तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण जीनोममध्ये तो भेदच नव्हता. गोंड, माडिया, कोरकू या आदिवासींचे जीनोम तुलनेच्या अशा संग्रहांत फार थोडे. शिवाय उपचारानंतर १५ वर्षे पाठपुरावा अपेक्षित. पण पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतील भामरागडचा रस्ता तुटतो. या उपचाराची अमेरिकेतील किंमतही २२ लाख डॉलर.

भ्रूण संपादित करून त्यापासून मूल जन्माला घालण्यास भारतात मनाई आहे. २०१८ मध्ये चीनमधील संशोधक 'हे जियानकुई' यांनी, एचआयव्हीला पेशीत शिरू देणारे सीसीआर५ जनुक भ्रूणावस्थेत बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याची घोषणा केली. त्यांना तीन वर्षे कैद झाली.

गावपातळीवरील जोखीम चाचणीपासूनच सुरू होते. सोल्युबिलिटी (विद्राव्यता) या प्राथमिक रक्तचाचणीत दोष असल्यास द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात, पण त्यावरून वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) वेगळे ओळखता येत नाहीत. सहा महिन्यांखालील बाळांत ती फसते. इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या चाचण्या) होईपर्यंत कार्डावर 'रुग्ण' लिहू नये.