चेहऱ्यावरच्या बारीक रेघा : ट्रीटमेंट ठरवण्याआधी एवढं वाचून या

फोनवर 'पील करायचंय' (म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढायचा) असं सांगून आमच्या पार्लरमध्ये आलेल्या ताईंना आम्ही अधूनमधून खुर्चीवर बसवतो, चेहरा बघतो आणि पील न करताच परत पाठवतो. कोणी सुट्टी टाकून आलेलं असतं, कोणी सिन्नर-निफाडहून एसटीने. राग येणारच. 'पैसे देतोय ना, मग करायला काय झालं?' हा प्रश्न काउंटरवर इतक्यांदा ऐकला, की शेवटी उत्तर छापूनच ठेवलं.

तिशी-बत्तिशीत डोळ्यांखाली आणि गालावर बारीक रेघा दिसायला लागल्या की सगळे त्यांना सुरकुत्याच म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींच्या त्या रेघा सुरकुत्या नसतात. त्वचेच्या वरच्या थरातलं पाणी कमी झालेलं असतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर चेहरा आहे त्याहून वाईट होतो. पाणी कमी असलेल्या त्वचेवर सुरकुत्यांचं पील केलं तर आठवडाभर आग, लाली आणि सोलपटं. नंतर आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर काळे डाग उरू शकतात. ते जायला महिने लागतात.

मग ओळखायचं कसं? आमची पद्धत साधी आहे आणि तिचे वेगळे पैसे नाहीत. सौम्य क्लिन्झरने चेहरा धुतो, टॉवेलने टिपतो आणि तुम्हाला खिडकीपाशी बसवतो. ट्यूबलाइटखाली सगळेच चेहरे सपाट दिसतात, बाजूने उजेड पडला की रेघ न् रेघ दिसते. गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच वर सरकवली की पाणी कमी असलेल्या जागी आडव्या-तिरक्या असंख्य बारीक रेघा एकदम उमटतात. मग चेहरा ओलसर असतानाच डाव्या अर्ध्या भागावर ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिडचं, म्हणजे पाणी धरून ठेवणारं सीरम, त्यावर ते उडू न देणारं सिरॅमाइडचं क्रीम. उजवा अर्धा भाग तसाच कोरा. वीस मिनिटं चहा घ्या, फोन बघा. मग हातात आरसा देतो. डावीकडच्या ज्या रेघा विरल्या त्या पाण्याच्या. ज्या जागच्या हलल्या नाहीत त्या खऱ्या सुरकुत्या. बहुतेक चेहऱ्यांवर दोन्ही असतात, फक्त प्रमाण वेगळं. ट्रीटमेंट त्या प्रमाणावरून ठरते, रीलवरून नाही.

'माझी त्वचा तर तेलकट आहे, कोरडी कशी असेल?' हा नेहमीचा प्रश्न. तेल आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. कपाळ-नाक तुपकट आणि तरी धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा, मेकअप दुपारपर्यंत रेघांत जाऊन बसलेला, असं असेल तर तेल भरपूर आहे, पाणी नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर जेमतेम मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा जाड असतो. त्यातल्या पेशी विटा धरा, तर मधली सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल वगैरे स्निग्ध द्रव्यं म्हणजे सिमेंट. ते सिमेंट धुऊन गेलं की आतलं पाणी उडून जातं. या थरात पाण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो कडक होतो, सुटायला लागतो आणि त्यावर रेघा पडतात. दिवसाला चार लिटर पाणी पिऊन त्या जात नाहीत. पाणी प्या, तब्येतीला हवंच आहे, पण वरच्या थराची गळती बाहेरूनच थांबवावी लागते.

सिमेंट धुऊन कशाने जातं, याची यादी आपल्या घरातच सापडेल. अंगाचा साबण चेहऱ्याला लावणं, हे पहिलं. अशा साबणाचा पीएच (आम्ल-क्षार मोजायचं माप) साधारण नऊ-दहा असतो, त्वचेचा पाचाच्या आसपास. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा थर त्वचेवर राहून जातो. रोज बेसन आणि लिंबू चोळणं, मुलतानी माती पार तडकेपर्यंत ठेवणं, कढत पाण्याने तोंड धुणं. थंडीच्या लाटेत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हाची कोरडी हवा. उन्हाळ्यात ऑफिसातला एसी. दिवाळीच्या उटण्याला कोणी हरकत घेत नाही, पण ते वर्षातून चार दिवसांचं असतं म्हणून चालतं.

खऱ्या सुरकुत्यांचं कारण वेगळं, आणि अकाली सुरकुत्यांमागे मुख्यतः ऊनच असतं. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट-ए किरण खोल जाऊन कोलॅजन मोडतात, आणि ते खिडकीच्या काचेतून आरपार येतात. अमेरिकेत २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या ड्रायव्हरचा फोटो २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला होता. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी त्यामानाने नितळ, चेहरा एकाच माणसाचा. आपल्याकडे खिडकी उजवीकडे येते. नाशिक-मुंबई कायम गाडी चालवणारे दादा आले की आम्ही आधी उजवा गाल बघतो. उन्हाच्या जोडीला सिगारेट, झोपेची उणीव आणि झपाट्याने उतरवलेलं वजन हेही चेहऱ्यावर दिसतं.

आता ज्यासाठी हे पत्रक लिहिलं ती गोष्ट. वरची अर्ध्या चेहऱ्याची तपासणी शांत त्वचेवरच होते. आदल्या रात्री रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते व्हिटॅमिन-ए), परवा ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर, रविवारी घरी ब्लीच, असा चेहरा घेऊन कोणी आलं तर त्वचा लाल आणि सुजलेली असते. सुजेने रेघा काही वेळ भरून आल्यासारख्या दिसतात, नाहीतर सोलपटांमुळे दुप्पट दिसतात. आम्हाला काहीच खरं कळत नाही, आणि त्यावर पील किंवा वॅक्स केलं तर कातडी निघते. हे अक्षरशः घडतं : रेटिनॉल लावलेल्या त्वचेवर अप्पर लिपचं वॅक्स ओढलं की पट्टीबरोबर वरचा थर सोलला जातो आणि ओठावर तांबडा ओरखडा उरतो, नंतर तिथेच तपकिरी डाग.

आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : 'काही नाही लावत हो, फक्त घरगुती.' मग पर्समधून एक सीरम निघतं, एक नाइट क्रीम निघतं, आणि बहिणीने दिलेली, नाव पुसट झालेली एक ट्यूब निघते. लपवायचा हेतू नसतो, हे आम्हालाही कळतं. ती 'औषधं' आहेत असं कोणाला वाटतच नाही. म्हणून विनंती : येण्याआधी सात दिवस रेटिनॉल, ग्लायकोलिक-सॅलिसिलिकसारखी ॲसिडं, स्क्रब, ब्लीच, लिंबू, सगळं बंद ठेवा. साधा क्लिन्झर, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, एवढंच. आणि लावत असलेल्या सगळ्या ट्यूब-बाटल्या पिशवीत घालून घेऊन या, नाव आठवायची गरज नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र आमच्या सांगण्यावरून बंद करू नका, त्यांना विचारा. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा अलीकडेच संपल्या असतील तर आधीच सांगा. तेव्हा आम्ही चेहऱ्याचं वॅक्स आणि पील करतच नाही.

त्यातल्या त्यात एका ट्यूबबद्दल वेगळं सांगायला हवं. 'मेडिकलमधून आणली, आठ दिवसांत रंग उजळतो' अशी. मागे बारीक अक्षरात मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून अशी मलमं सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या औषधांत टाकली आहेत. तरी ती मागितली की मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. आणि एकदम बंद केली तर लाली-पुरळ उसळून येते, म्हणून पुन्हा लावली जाते. अशा चेहऱ्याला आम्ही हात लावत नाही. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

तपासणीनंतर काय सुचवतो, ते थोडक्यात. पाण्याच्या रेघा जास्त असतील तर हायड्रेटिंग फेशियल : कमी वाफ, चोळमळ नाही, मशिनने हलकी सफाई, सीरम आणि मास्क. चेहरा त्याच दिवशी भरलेला दिसतो, पण तो परिणाम काही दिवसांचाच असतो. टिकवायचा तर घरचं रूटीन लागतं, आणि ते नीट पाळलं तर तीन-चार आठवड्यांत बहुतेकांना फरक दिसतो. काही जणींना मग पुढची ट्रीटमेंट लागतच नाही. असं सांगणं धंद्याला बरं नाही, असं आमच्याच घरचे म्हणतात.

उन्हाच्या सुरकुत्या असतील तर त्वचा आधी भरून घेऊन मग लॅक्टिक किंवा मॅन्डेलिक ॲसिडची सौम्य पील, काही आठवड्यांच्या अंतराने. मॅन्डेलिकचा रेणू मोठा असल्याने तो सावकाश आत जातो, म्हणून आपल्या त्वचेला आम्ही तेच जास्त देतो. वांग असेल तर आणखी जपून. घरी रेटिनॉल : आठवड्यातून दोनच रात्री, अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढं, कोरड्या त्वचेवर, आधी किंवा नंतर मॉइश्चरायझर. तीन महिने तरी धीर धरा. त्याचा थोरला भाऊ ट्रेटिनॉइन, तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचा. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन दोन्ही लावू नका.

कपाळावरच्या आणि दोन भुवयांमधल्या ठळक आठ्या, ज्या हसताना-रागावताना पडून पडून कायमच्या झाल्या आहेत, त्या कुठल्याही फेशियलने जात नाहीत. आमच्याही नाही. त्यांना बोटॉक्सचं इंजेक्शन लागतं, ते डॉक्टरच देतात आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. इंजेक्शन आणि लेझर आमच्याकडे होत नाहीत, आणि कोणत्याही पार्लरमध्ये ते करून घेऊ नका. चेहराच नव्हे तर अख्खं अंग अचानक कोरडं पडलं असेल, केस गळत असतील, थकवा असेल, तर आधी थायरॉइड तपासून घ्या.

घरच्या रूटीनसाठी महागडं काही लागत नाही. सकाळी साध्या पाण्याने किंवा सौम्य क्लिन्झरने चेहरा धुऊन, पूर्ण कोरडा न करता सीरम, लगेच क्रीम. वर क्रीम नसेल तर नुसतं हायल्युरॉनिक ॲसिड कोरड्या हवेत टिकत नाही. बाटलीवर दोष जातो, चूक पद्धतीची असते. त्यावर सनस्क्रीन. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के अल्ट्राव्हायोलेट-बी किरण अडवतं आणि ५० साधारण ९८, म्हणजे आकड्यासाठी भांडण्यापेक्षा पुरेसं लावा : चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून. ट्यूबवर 'PA' या अक्षरांपुढे अधिकची चिन्हं (+) जास्त असलेलं बघून घ्या, सुरकुत्या पाडणारे अल्ट्राव्हायोलेट-ए किरण ते जास्त अडवतं. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रात्री क्रीम, आणि फारच कोरडं वाटलं तर डोळ्यांच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पुसट हात. आमच्या काउंटरवर क्रीम आणि सनस्क्रीन आहेत, घ्यायची सक्ती नाही. घटक जुळत असतील तर तुमचंच चालू ठेवा. म्हणून तर पिशवी आणायला सांगतो.

लग्नसराईसाठी खास. तुळशीचं लग्न लागलं की फोन सुरू होतात : 'परवा हळद आहे, पील करून घ्यायचंय.' परवाच्या हळदीला पील होणार नाही. सोललेल्या त्वचेवर हळद झोंबते आणि मेकअप फाटतो. पील हवं असेल तर निदान चार-पाच आठवडे आधी या, हायड्रेटिंग फेशियल चार-पाच दिवस आधी करा. आदल्या दिवशी फक्त झोपा. वधूच्या आई, मावशी, आत्या यांनाही हेच लागू. बहुतेक वेळा घाई त्यांचीच असते.

तपासून परत पाठवलं तर त्या दिवसाचे पैसे घेत नाही, पुढची तारीख आधी देतो आणि तोवर काय लावायचं ते लिहून देतो. पहिल्यांदा येणार असाल तर दुपारी चारच्या आत या, कारण नंतर आमच्या खिडकीतला उजेड जातो. मेकअप न करता या, सनस्क्रीन लावलेलं चालेल. सोबत एक तास मोकळा ठेवा. मंगळवारी बंद असतो.