माफीच्या साक्षीदाराची कादंबरी

‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीचा इंग्रज लेखक फिलिप मेडोज टेलर १८२४ साली मुंबईत उतरला तेव्हा त्याला सोळावंही पूर्ण व्हायचं होतं. ज्या पेढीच्या भरवशावर तो आला होता ती डबघाईला आलेली. मग त्याने निजामाची नोकरी धरली. पोलिसांच्या कामावर असताना वाटेत नाहीशा होणाऱ्या प्रवाशांचा माग त्याला लागला होता, पण तेवढ्यात पलटणीत परत बोलावणं आलं. वाटसरूंचा रुमालाने गळा आवळून त्यांना लुटणाऱ्या या ठगांचा छडा लावल्याचं श्रेय कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याला गेलं आणि ही चुटपुट टेलरने आत्मचरित्रातही नोंदवली आहे.

पुढे ठगांच्या जबान्या घ्यायचं काम त्याच्याकडे आलं आणि त्यातून १८३९ साली ही कादंबरी तीन खंडांत निघाली. राणी व्हिक्टोरियाने तिची मुद्रितं तयार होतील तशी मागवून घेतली होती.

आज ती पुन्हा हातात घेताना आपल्याला धरून ठेवतो तो तिचा निवेदक, माफीचा साक्षीदार झालेला ठग अमीर अली, याचा आवाज. ७१९ बळी घेतलेला हा माणूस जबानी घेणाऱ्या इंग्रज साहेबासमोर बसून सांगतो आणि साहेब क्वचितच मध्ये बोलतो. आईबापांना मारणाऱ्या टोळीतल्या ठगानेच त्याला मुलगा म्हणून वाढवलेलं. अमरावतीचा सावकार, एलिचपूर, हैदराबादची वाट, चितू पेंढाऱ्याची टोळी, रुमाल आणि ‘झिरणी’ची, म्हणजे गळा आवळायच्या इशाऱ्याची खूण: मराठी वाचकाला यातला निम्मा नकाशा ओळखीचा आहे. टेलर हा मुलूख ऐकून नव्हे, हिंडून ओळखत होता. पुढे १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्गचा कारभारही त्याच्याकडे होता.

पण ही जबानी कशी मिळाली, ते लक्षात ठेवूनच वाचायला हवं. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असल्याचं शाबित झालं, एवढ्यावरच जन्मठेप होत असे, प्रत्यक्ष खून शाबित व्हायची गरज नव्हती. फास चुकवायचा तर माफीचा साक्षीदार व्हायचं आणि साथीदारांची नावं द्यायची. अशा माणसाने विचारणाऱ्याला हवं ते किती सांगितलं असेल? भवानीची भक्ती, पिढीजात धंदा, शकुन यांवर जबान्यांमध्ये भर दिसतो. पेंढारी युद्धानंतर बेकार झालेले शिपाई, उजाड गावं आणि रोकड घेऊन जाणारे बिनसंरक्षण वाटसरू मात्र मागे पडतात. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण गुन्हा रक्तातच असतो ही समजूत इथून पुढे सरकारी दप्तरात पक्की होत गेली.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि सोलापुरात त्यासाठी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायची वसाहत, उभी राहिली. कुंपणाआड जन्मलेल्यांना त्या कायद्यातून सुटायला १९५२ साल उजाडावं लागलं.