‘दिसत नाही’ आणि ‘पोचत नाही’: घरच्या सर्व्हरची दोन वेगळी दुखणी

रविवारी सकाळी मामेभावाचा फोन. “दादा, सर्व्हर गेला. सगळे फोटो गेले.”

साताऱ्याला त्याच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात दोन डिस्कचा एक छोटा डबा आहे, तोच त्याचा सर्व्हर. मुलीच्या बारशापासूनचे फोटो, लग्नाचं शूटिंग, मामांच्या जमिनीच्या कागदांचे स्कॅन, सगळं त्यात.

“गेला म्हणजे नेमकं काय झालं?”

“लॅपटॉपवर नेटवर्क उघडलं की रिकामं. मागच्या आठवड्यापर्यंत तिथं त्याचं नाव दिसायचं.”

“आणि टीव्हीवर?”

“टीव्हीवर पोरगी त्याच्यातलेच व्हिडिओ बघत बसलीय.”

मग गेला कसा? पण गावातल्या एका दुकानदाराने त्याला फोनवरच ‘डिस्क उडाली असणार, घेऊन या’ असं सांगून घाबरवलं होतं. डबा पिशवीत भरून नेण्याच्या बेतात असताना त्याला माझी आठवण झाली, हे नशीब.

घरच्या सर्व्हरबद्दल मला जेवढे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांत दोन तक्रारी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, सर्व्हर यादीत दिसत नाही. दुसरी, सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही. ऐकायला एकच वाटतात. पण सोसायटीच्या जिन्याखाली नावांचा फलक असतो ना, तसं हे आहे. फलकावर कुलकर्ण्यांचं नाव नाही म्हणून कुलकर्णी घरात नाहीत असं होत नाही. तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली तर दार उघडतात. उलट फलकावर नाव झळकतंय आणि माणसं दोन वर्षांपूर्वीच फ्लॅट विकून गेलीत, असंही असतं. विंडोजची ‘नेटवर्क’ खिडकी हा तो फलक. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला मिळणारा आकडी पत्ता, हा फ्लॅट नंबर.

फलकावर नाव कोण लिहितं

ही यादी कुठल्या वहीतून वाचली जात नाही. ती दर वेळी हाका मारून भरते. लॅपटॉप घरच्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून ओरडतो, ‘कोण कोण आहे?’, आणि जे ओ देतात त्यांची नावं खिडकीत येतात. ओ दिली नाही किंवा ओ कानावर आली नाही, तर नाव नाही.

गंमत अशी की प्रत्येकाची हाक वेगळ्या भाषेत असते. आजचं विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरी नावाच्या पद्धतीने विचारतं, पोर्ट ३७०२ वर (पोर्ट म्हणजे यंत्राच्या पत्त्यावरचं क्रमांकाचं दार). ॲपलची यंत्रं बाँजूर वापरतात, म्हणजे एमडीएनएस, पोर्ट ५३५३. टीव्ही डीएलएनएवाला, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचे व्हिडिओ थेट दाखवणारा, असेल तर तो एसएसडीपीने विचारतो, पोर्ट १९००. म्हणून एकाच घरात, एकाच डब्याबाबत, ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरवर नाव आहे, टीव्हीवर आहे आणि विंडोजवर नाही, हे सहज घडतं. डबा तीनपैकी दोनच भाषांना ओ देत असतो.

विंडोजची हाक पूर्वी वेगळी होती. नेटबायोस या जुन्या नावं-ओळखण्याच्या पद्धतीच्या जमान्यात घरातलं एक यंत्र आपणहून यादी सांभाळायचं आणि बाकीचे त्याच्याकडे विचारायचे. ही कॉम्प्युटर ब्राउझर नावाची सेवा एसएमबी१ या जुन्या फाइल-शेअरिंग पद्धतीवर टेकलेली होती. मे २०१७ मध्ये फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायने जगभर धुमाकूळ घातला तो याच एसएमबी१ मधल्या भोकातून. त्यावरचा पॅच (दुरुस्ती) मार्चमध्येच आलेला होता, पण असंख्य यंत्रांवर तो घातलेलाच नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ चा सर्व्हर (फाइल देणारा भाग) येणंच बंद झालं. होम आणि प्रोमध्ये क्लायंटचा, म्हणजे फाइल मागणारा, भाग राहिला, पण पंधरा दिवस वापरला नाही तर तो आपोआप निघून जाई. तो गेला की त्याच्या आधारावरची जुनी यादीही गेली. तेव्हापासून हजारो लोकांना ‘सर्व्हर गायब झाला’ असं वाटतंय.

आणि इथूनच एक वाईट सल्ला पसरला. ‘विंडोज फीचर्समध्ये जा, एसएमबी१ वर टिक करा, रीस्टार्ट करा.’ चिडचिड होते ती यासाठी की हा उपाय खरोखर लागू पडल्यासारखा वाटतो. यादी परत येतेही. पण फलकावर नाव यावं म्हणून इमारतीचं मागचं दार उघडं टाकायचं, त्यातली गत. आजारापेक्षा औषध जालीम. सरळ उपाय डब्याच्या बाजूला आहे. बाजारातल्या बहुतेक डब्यांच्या एसएमबी सेटिंगच्या पानावर डब्ल्यूएस-डिस्कव्हरी चालू करण्याची खूण असते. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर स्वतः सांबा (लिनक्सवरून एसएमबीने फाइल देणारा प्रोग्राम) बसवला असेल, तर सांबा ही हाक ओळखत नाही. त्यासाठी डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो.

मामेभावाच्या डब्यात ही खूण आधीपासून होती. त्याचं कारण वेगळं निघालं. “मागच्या आठवड्यात काही बदललं का घरात?” असं विचारल्यावर पाचव्या मिनिटाला उत्तर आलं, “नाही, तसं काही नाही. फक्त फायबरवाला येऊन नवा राउटर लावून गेला.” फक्त! नवा राउटर म्हणजे विंडोजच्या लेखी नवं, अनोळखी नेटवर्क. अनोळखी नेटवर्कला ते ‘पब्लिक’ धरतं, म्हणजे स्टेशनवरचं वायफाय असावं तसं, आणि पब्लिकमध्ये शोधाशोध बंद ठेवतं. लॅपटॉप हाकच मारत नव्हता. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘प्रायव्हेट’ केलं की प्रश्न सुटतो.

पण ते करण्याआधी मी त्याला बेल वाजवायला लावली.

बेल वाजवून बघणे

राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. त्यातून डब्याचा पत्ता घेतला: १९२.१६८.१.५. फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे हा पत्ता, मग एंटर. फोल्डर धाडकन उघडले. लॅपटॉपवरची ‘नेटवर्क’ खिडकी अजून रिकामीच होती, पण मामेभावाच्या आवाजात जीव आला.

ही एक चाचणी दोन्ही दुखणी वेगळी करते, म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी ती करावी. पत्त्याने उघडलं तर डिस्क, वायर, डबा, पासवर्ड सगळं ठीक. भांडण फक्त फलकाशी. आणि त्या भांडणात पडायचंच असं नाही, पत्त्यावरून डबा लॅपटॉपला झेड ड्राइव्ह म्हणून जोडून टाकला की यादीची गरजच उरत नाही.

पत्त्याने उघडतं पण नावाने नाही, हे मधलं दुखणं. नावाचा पत्ता लावण्याचं काम यादीपेक्षा वेगळं असतं. नावापुढे टिंब-लोकल लावून बघा, बरेचदा चालून जातं. नाव पंधरा अक्षरांपेक्षा मोठं ठेवलं असेल तर जुनी नेटबायोस पद्धत ते कापते, हेही लक्षात असू द्या. ‘आमच्या घरचा सर्व्हर’ छापाची लांबलचक नावं ठेवणाऱ्यांना याचा फटका बसतो. विंडोज मात्र नाव न सापडणं आणि यंत्र न सापडणं या दोन्हींना बहुधा एकच संदेश दाखवतं, नेटवर्क पाथ सापडला नाही आणि शेवटी ८००७००३५ हा आकडा. त्या आकड्याला शोधत बसण्यात अर्थ नाही. तो एकाच वेळी चार रोगांचं लक्षण आहे.

पत्त्यानेही उघडलं नाही, तर मात्र खरंच ‘पोचत नाही’. आता पिंग करायचं, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमधून त्या पत्त्याला ‘आहेस का?’ असं विचारायचं, आणि नुसतं उत्तर आलं की नाही एवढंच न बघता ते काय आलं ते वाचायचं. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ असं आलं आणि ते तुमच्याच लॅपटॉपच्या पत्त्यावरून आलं असेल, तर अर्थ असा की लॅपटॉपने घरात विचारलं, ‘हा पत्ता कोणाचा?’ आणि कोणीच हात वर केला नाही. डबा बंद आहे, वायर सुटलीय किंवा पत्ता बदललाय. ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ हे त्याहून संदिग्ध. काही यंत्रांची फायरवॉल पिंगला मुद्दाम उत्तर देत नाही, तेव्हा यावरून डब्याला मृत घोषित करू नका. त्याऐवजी ब्राउझरमध्ये डब्याचं व्यवस्थापनाचं पान पत्त्याने उघडून बघा. ते उघडलं तर वाट मोकळी आहे, फक्त फाइल देणारी एसएमबी सेवा (पोर्ट ४४५) अडलीय.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक ठोकून दिलाय. वायर आणि पोर्ट बघा.

वाट आणि यादी दोन्ही एकदम बंद करणारी जागा म्हणजे गेस्ट वायफाय. त्यावर जोडलेल्या फोनला इंटरनेट मिळतं, घरातलं दुसरं यंत्र मिळत नाही. ते नेटवर्क त्यासाठीच असतं. पासवर्ड सोपा म्हणून घरचीच माणसं त्यावर बसतात आणि मग डब्याला शिव्या देतात.

याहून फसवा प्रकार दोन राउटरच्या घरात सापडतो. फायबरवाल्याचा राउटर हॉलमध्ये, आणि मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून विकत आणलेला दुसरा. तो दुसरा राउटर म्हणूनच चालत असेल तर घरात दोन वेगळी नेटवर्कं झाली, एक १९२.१६८.१ चं, दुसरं समजा १९२.१६८.०. हाका राउटरची भिंत ओलांडत नाहीत. डबा हॉलमध्ये आणि तुम्ही मागच्या खोलीत असाल तर यादी रिकामी, पण पत्त्याने डबा उघडतो. डबा मागच्या खोलीत आणि तुम्ही हॉलमध्ये असाल तर यादीही नाही आणि पत्ताही चालत नाही, कारण आतल्या राउटरने बाहेरच्यांसाठी दार लावलेलं असतं. तोच डबा, तीच यंत्रं, फक्त माणूस खोली बदलतो आणि दुखणं बदलतं. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय पुरवण्याच्या कामाला, टाकलं की भिंत पडते.

(वेग हा तिसराच विषय, पण जाता जाता: फाइल कॉपी सेकंदाला ११–१२ मेगाबाइटवर अडकली असेल तर जोडणी १०० मेगाबिटवर आलीय. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एक तार तुटली तरी सगळं ‘चालू’ दिसतं, म्हणून कोणी वायर बदलत नाही.)

आणि पोचून, दार उघडून, पुढे ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं गेलं, तर तो नेटवर्कचा दोषच नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून पासवर्डविना पाहुणा म्हणून आत शिरणं मुळातच बंद आहे. डब्यावर स्वतःच्या नावाचं खातं काढा आणि पासवर्ड द्या.

दुसरा फोन

दोन महिन्यांनी गणपतीत पुन्हा फोन. “झेड ड्राइव्हवर लाल फुली आलीय. उघडत नाही.”

आदल्या रात्री दोनदा लाइट गेली होती. “यादीत दिसतोय का?” मी विचारलं.

“दिसतोय की. पण यादीवर विश्वास ठेवायचा नाही, असं तूच म्हणाला होतास. मी पिंग केलं, ५ ला. उत्तर येतंय. म्हणजे वाट ठीक आहे, मग बिघाड आतच असणार ना?”

शिकवलेलं किती नेमकं लक्षात ठेवलं होतं बघा. आणि तरीही तो चुकला होता, कारण ओ देणारा कोण, हे पिंग विचारत नाही. त्याला कमांड प्रॉम्प्टमध्ये एआरपीची यादी (कोणत्या आयपी पत्त्यावर कोणतं यंत्र आहे ती) काढायला लावली आणि ५ समोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा कारखान्यातूनच आलेला ओळख क्रमांक, डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवरच्या मॅकशी ताडून बघायला सांगितलं. एकही अक्षर जुळत नव्हतं.

घडलं होतं असं. लाइट आल्यावर राउटर आधी उठला आणि कोणाला कोणता पत्ता दिला होता ते विसरूनच उठला. डिस्कवाल्या डब्याला उठायला वेळ लागतो. मधल्या मिनिट-दोन मिनिटांत गणपतीला आलेल्या एका पाहुण्याचा फोन वायफायवर चढला आणि राउटरने ५ नंबर त्याला देऊन टाकला. डबा जागा झाला तेव्हा त्याला ९ मिळाला. झेड ड्राइव्ह बिचारा अजून ५ चीच बेल वाजवत होता, आणि पाहुण्यांचा फोन इमानेइतबारे ओ देत होता.

“मग यादीतल्या नावावर दोनदा टिचकी मार,” मी म्हटलं. उघडलं. या वेळी फलक बरोबर होता आणि फ्लॅट नंबर जुना.

राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर डब्याच्या मॅकसाठी ५ हा पत्ता राखून ठेवला, पाहुण्यांच्या फोनमधलं वायफाय एकदा बंद-चालू करायला सांगितलं, डबा रीस्टार्ट केला. लाल फुली गेली. पाहुणे आत आरतीला उभे होते. त्यांना हे काहीच कळलं नाही.