कार्ड गोळा करण्याचा छंद आणि टंचाईचा इतिहास

बेसबॉलपटूंची चित्रे असलेली कार्डे अमेरिकेत १८८०च्या दशकात सिगारेटच्या पाकिटांतून आली. कागदी पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. त्यावर खेळाडूचे चित्र छापले की खप वाढतो, हे तंबाखू कंपन्यांनी ओळखले. १८९०मध्ये मोठ्या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा कार्डेही जवळपास बंद पडली.

१९०९ ते १९११ या काळात याच कंपनीने काढलेली मालिका आज टी-२०६ या नावाने ओळखली जाते. हा क्रमांक कंपनीचा नव्हे, जेफरसन बर्डिक यांचा. सिरॅक्यूजच्या या संग्राहकाने विखुरलेल्या कार्डांची पद्धतशीर सूची केली आणि आपला तीन लाखांहून मोठा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. कार्डांना विशेष भाव नव्हता तेव्हा त्यांनी हे केले, म्हणून या छंदाचे खरे ऋण मला त्यांचेच वाटते. टी-२०६मधले होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड सर्वांत प्रसिद्ध. त्यांनी परवानगी नाकारल्याने छपाई लवकर थांबली. मुलांनी तंबाखू घ्यावी हे त्यांना रुचले नाही, असे काही जण सांगतात. मोबदल्यावरून बिनसले, असे काही जण. आज त्या कार्डाच्या साठेक प्रतीच माहीत आहेत.

१९३०च्या दशकात तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली आणि कार्डे खऱ्या अर्थाने मुलांच्या हाती आली. १९५२मध्ये ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीत साय बर्जर यांनी ४०७ कार्डांचा संच आखला. मोठा आकार, रंगीत चित्र, मागे खेळाडूची आकडेवारी: पुढची कित्येक वर्षे कार्ड म्हणजे हेच रूप. पण या संचाचा शेवटचा भाग हंगाम सरताना बाजारात आला आणि दुकानदारांनी तो फारसा उचलला नाही. उरलेली खोकी वर्षानुवर्षे गोदामात पडून होती. अखेर १९६०च्या सुमारास ती आपण नावेत भरून अटलांटिक महासागरात टाकली, असे बर्जर यांनीच पुढे सांगितले. मिकी मँटल यांचे ३११ क्रमांकाचे कार्ड याच भागातले. त्याची एक उत्तम प्रत ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली.

१९५६मध्ये बोमन ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतल्यावर टॉप्सचे राज्य जवळपास निर्वेध चालले. फ्लीअर या दुसऱ्या कंपनीने न्यायालयात दाद मागितल्यावर १९८१पासून फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या. १९८९मध्ये अप्पर डेक आली. तोवर जुन्या कार्डांचे चढे भाव सर्वांच्या कानांवर गेले होते. लोक न उघडलेली खोकीच्या खोकी गुंतवणूक म्हणून ठेवू लागले आणि कंपन्या मागणीप्रमाणे छापत राहिल्या. जुनी कार्डे महाग होती, कारण बहुतेक फाटली, हरवली किंवा घर आवरताना केरात गेली. नवी मात्र सगळ्यांनीच जपली. त्यामुळे त्या काळातल्या बहुतेक कार्डांना आजही भाव नाही, आणि यात पोळले ते प्रामुख्याने सामान्य कुटुंबांतले लोक.

या घसरणीतून कंपन्यांनी धडा घेतला: टंचाई मुद्दाम घडवायची. १९९०मध्येच अप्पर डेकने रेजी जॅक्सन यांनी सही केलेली, क्रमांक घातलेली २,५०० कार्डे पाकिटांत मिसळली होती. पुढे जर्सीचे तुकडे बसवलेली आणि एकच प्रत असलेली कार्डेही आली. पाकीट फोडण्यात नशिबाचा भाग वाढत गेला. लहान मुलांच्या दृष्टीने मला हा बदल चिंतेचा वाटतो.

किंमत अवस्थेवर ठरू लागली तशी तटस्थ परीक्षकाची गरज भासली. १९९१मध्ये सुरू झालेली पीएसए ही कंपनी कार्ड तपासून, १ ते १० अशी श्रेणी देऊन ते प्लास्टिकच्या डबीत बंद करते. तिने श्रेणी दिलेले पहिलेच कार्ड वॅग्नर यांचे होते. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की यांनी भागीदारीत ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतले होते. ते पूर्वी विकणाऱ्या एका नामांकित लिलावदाराने २०१३मध्ये न्यायालयात कबूल केले, की त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या.

महासाथीच्या काळात छंदाला पुन्हा उधाण आले. तपासणीसाठी इतकी कार्डे साचली, की २०२१मध्ये पीएसएला आपल्या बहुतेक सेवा काही काळ थांबवाव्या लागल्या. त्याच वर्षी फॅनॅटिक्स कंपनीने बेसबॉल कार्डांचे पुढील हक्क मिळवले आणि जानेवारी २०२२मध्ये टॉप्सच विकत घेतली.